बखरीतला बाण आणि पाठीवरचा भाता

पानिपतच्या काळातल्या लढाईचे वर्णन वाचताना ‘बाण’ शब्द आला, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे धनुष्य आणि भाता उभा राहतो. मग हौशी लेखक ठोकून देतात, की जग तोफांनी लढत होते तेव्हा आपले लोक तिरकमठे ताणत होते. हे साफ चूक आहे. त्या काळच्या फौजेच्या बोलीत बाण म्हणजे बहुतेक वेळा दारूचा बाण: दारू ठासलेला नळा, त्याला घट्ट बांधलेला लांब बांबू आणि पेटवायला वात. दिवाळीत पोरे बाटलीत काडी उभी करून उडवतात, त्यालाही आपण बाणच म्हणतो.

यावर आक्षेप ठरलेला: संस्कृतात बाण म्हणजे तीर, मग मराठीत दुसरा अर्थ कशाला? पण फारसीकडे पाहा. तिथे धनुष्यातून सुटणाऱ्याला ‘तीर’ हा शब्द असताना मोगल काळातले लेखक ‘बान’ वेगळा लिहितात, तो दारूच्या अस्त्रासाठीच. फौजांत तिरंदाजही होते, हे खरेच. म्हणून शेजारचे शब्द वाचायचे. वात, दारू, नळा, आवाज यांपैकी काही असेल तर भाता विसरावा.

हा काथ्याकूट नव्हे; अर्थ चुकला की माणसांवर अन्याय होतो. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतच्या लढाईत काशीराज पंडित मराठ्यांविरुद्ध उभ्या असलेल्या शुजाउद्दौलाच्या बाजूला हजर होता. त्याच बाजूच्या नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन-दोन हजार बाण सोडत, त्या आवाजाने घोडी बुजत आणि समोरच्यांना चाल करता येत नसे, असे तो सांगतो. समोर मराठ्यांकडून जनकोजी शिंदे होते. इथे तीर समजून वाचले तर शिंद्यांचे घोडदळ विनाकारण कच खाल्लेले दिसते. पण फूत्कारत, जमिनीवर आपटून कुठेही वळणारा पेटता नळा अंगावर आला, तर कसलेले घोडेही लगाम मानत नाही.

पुरावा हातात घेण्याजोगाही आहे. 2018 मध्ये कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या नगर किल्ल्यावरच्या विहिरीतून हजाराहून अधिक लोखंडी नळे निघाले, वीतभर लांबीचे. ते टिपूच्या काळातले मानले जातात.

‘बाण’ या शब्दाच्याच आधारे अर्जुनाचेही बाण रॉकेटच होते, असे सांगणारे दुसऱ्या टोकाला भेटतात. त्यांचेही ऐकू नये. अर्जुनाला गांडीव लागते, प्रत्यंचा लागते. दारूच्या बाणाला धनुष्याची गरजच नसते.

बखरींच्या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांनी अशा प्रत्येक जागी तळटीप द्यावी आणि पानिपतच्या चित्रात बाण सोडणाऱ्याच्या पाठीवर भाता न काढता हाती पेटती वात द्यावी.