मुलगा-मुलगी : फरक ओळखूया, भेद नको



पालकसभेत दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "मुलगाच तो, दंगा करणारच!" आणि "मुलींचं काही टेन्शन नसतं हो, त्या आपापला अभ्यास करतात." दोन्ही वाक्यं कौतुकानेच म्हटलेली असतात. पण नीट बघा, पहिल्या वाक्याने मुलाला शिस्तीतून सूट मिळते आणि दुसऱ्या वाक्याने मुलगी आपल्या लक्षातूनच निघून जाते.

याउलट काही पालक अभिमानाने सांगतात, "आमच्या घरी मुलगा-मुलगी असा काही फरकच नाही." ऐकायला छान वाटतं. पण तेही पूर्ण खरं नाही. सहावीतल्या मुलीच्या शरीरात जे बदल होत असतात, ते तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलात कदाचित अजून सुरूही झालेले नसतात. मग दोघांना अगदी एकसारखी मदत कशी पुरेल?

माझं म्हणणं साधं आहे. जिथे खरोखर फरक आहे, तिथे मदत वेगळी हवी. जिथे फरक नाही, तिथे अपेक्षा वेगळ्या नकोत. आपण मात्र नेमकं उलटं करतो. शरीराच्या फरकाबद्दल बोलायची वेळ आली की गप्प बसतो, आणि अभ्यास, घरकाम, रडणं-हसणं यांत मात्र मुलांसाठी एक आणि मुलींसाठी दुसरा नियम लावतो.

खरा फरक : वयात येणं

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान होते, तर मुलांमध्ये ९ ते १४ च्या दरम्यान. म्हणजे मुली सरासरी एखाद-दोन वर्षं पुढे असतात. सहावी-सातवीचा वर्गाचा फोटो काढून बघा, मागच्या रांगेत उंच मुलीच जास्त दिसतील. हा निसर्ग आहे. यात कुणी मागे पडलेलं नाही की कुणी आगाऊ झालेलं नाही.

पण या निसर्गाची तयारी आपण करून देतो का? पहिली पाळी आली की मग मुलीला सांगायचं, असं अनेक घरांत चालतं. ते उशिरा होतं. अगोदर माहिती नसेल तर ती मुलगी घाबरते, आपल्याला काहीतरी आजार झाला असंच तिला वाटतं. चौथी-पाचवीतच आईने, मोठ्या बहिणीने किंवा शाळेतल्या बाईंनी साध्या शब्दांत सांगून ठेवावं.

शाळेचंही बघूया. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं सांगितली आहेत. पण नुसती खोली बांधली म्हणजे झालं नाही. आत पाणी आहे का? कडी लागते का? झाकणाची कचरापेटी आहे का? की कुलपाची किल्ली ऑफिसात, आणि ती मागायला मुलीला सगळ्या स्टाफसमोर जावं लागतं? अशा शाळेत मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि महिन्यातले ते तीन-चार दिवस घरी राहतात. हजेरीत आपण फक्त "गैरहजर" लिहितो.

आता मुलांचं. मुलींसाठी किशोरावस्थेवर "खास मार्गदर्शन" ठेवलं की मुलांना मैदानावर सोडायचं, ही बऱ्याच शाळांची जुनी पद्धत. आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, झोपेत वीर्यस्खलन होतं. हे सगळं नॉर्मल आहे असं त्या मुलाला कोण सांगणार? कोणी सांगितलं नाही तर तो मोबाइलवर शोधतो, आणि तिथे त्याला काय सापडतं ते आपल्याला माहीत आहे. उंची उशिरा वाढणाऱ्या मुलाला "बुटक्या" म्हणून चिडवलं जातं, त्यालाही धीर हवा असतो. शिवाय पाळीबद्दल शास्त्रीय माहिती मुलांनाही द्यायला हवी. मैदानावर पाठवलेला मुलगाच उद्या वर्गात डाग दिसला की हसतो. त्याला कुणी काही शिकवलंच नाही, मग दोष कुणाचा?

रक्तक्षयाचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीमुळे मुलींची लोहाची गरज जास्त असते, हा झाला फरक. पण मुलीने शेवटी जेवायचं, उरलेली भाजी तिच्या वाट्याला, अंडं-दूध आधी दादाला, हा झाला भेद. आणि मुलांमधले ३१ टक्के हाही आकडा लहान नाही. म्हणूनच शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी दोघांसाठीही असते. "ती मुलींची गोळी आहे" असं म्हणणाऱ्या मुलांना हे समजावून सांगा.

नसलेला फरक : बुद्धी

"गणित मुलांचं, भाषा मुलींची" हे आपण इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटू लागलंय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरच्या असंख्य अभ्यासांचा सार काढणारी ४६ मोठी विश्लेषणं एकत्र तपासली. त्यांतले ७८ टक्के फरक अगदी किरकोळ किंवा जवळजवळ शून्य निघाले. चेंडू किती जोरात फेकता येतो अशा थोड्याच बाबतींत फरक ठळक होता. आपल्या वर्गाचंही तेच आहे. दोन मुलांमध्ये जेवढं अंतर असतं, तेवढं मुलांच्या आणि मुलींच्या सरासरीत नसतं.

आपल्या दहावीच्या निकालात तर दरवर्षी मुलीच पुढे असतात. २०२४ च्या राज्य मंडळाच्या निकालात ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलं ९४.५६ टक्के. यावरून मुली जात्याच हुशार असं म्हणायचं कारण नाही. नियमित अभ्यास, नीटनेटकी वही, वेळेत घरी येणं ही सवय मुलींना लावली जाते. मुलाला ती सवय लावायची वेळ आली की आपण "मुलगाच तो" म्हणून सोडून देतो. त्याचं नुकसान तिथेच होतं.

आणि निकालात पुढे गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं? त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. म्हणजे जवळपास पाचातली एक. पेढे वाटताना हा आकडा आठवावा.

नसलेला फरक : काम

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१ टक्के स्त्रिया रोज विनामोबदला घरकाम करताना आढळल्या, पुरुष फक्त २६ टक्के. जे करतात त्यांतही बायका रोज सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. वयाची अट पुन्हा वाचा : सहा वर्षं! म्हणजे यात आपल्या पहिलीतल्या लेकरांपासून सगळे आले.

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. चांगलंच केलं. पण पुस्तकातलं चित्र बदललं तरी शाळेतली कामाची यादी बदलली का? पाहुणे आले की औक्षण, रांगोळी, पाण्याचे ग्लास मुलींकडे. बाकं उचलणं, माईक लावणं, बँकेत-बाजारात जाणं मुलांकडे. कुणी मुद्दाम करत नाही, पण मुलं रोज बघून तेच शिकतात.

"मुलीला सासरी जायचंय, तिला स्वयंपाक यायलाच हवा," असं आजी-आजोबा म्हणतात. त्यांच्या काळाप्रमाणे ते बोलतात, त्यांचा अपमान नको. पण त्यांना विचारा, आपला नातू बारावीनंतर पुण्याला खोली करून राहील तेव्हा काय खाईल? रोज वडापाव? भात लावणं, कपडे धुणं, शर्टाचं बटण टाकणं ही जगण्याची कौशल्यं आहेत. भूक दोघांनाही लागते.

नसलेला फरक : भावना

"मुलींसारखा रडतोस काय?" या एका वाक्यात दोघांचा अपमान आहे. मुलगी म्हणजे रडकी, आणि मुलाला दुःख होताच कामा नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्या करणाऱ्यांमध्ये सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कारणं अनेक असतात, कर्ज, आजार, व्यसन, घरातले वाद. पण मनातलं कुणाला सांगताच येत नाही, ही सवय लहानपणीच लागते, असं मला ठामपणे वाटतं. रडणाऱ्या मुलाजवळ बसा. "काय झालं रे?" एवढं विचारा आणि थांबा.

सुरक्षिततेचंही तसंच. रस्त्यात छेडछाड झाली की मुलीची सायकल बंद, क्लास बंद, कधीकधी शाळाच बंद. छेडणारा मुलगाही कुठल्यातरी घरातलाच असतो ना? "कुठे होतास, कुणाबरोबर होतास?" हा प्रश्न मुलाला विचारायला आपण कधी सुरुवात करणार?

आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी :
१. झाडलोट, स्वागत, बाकं उचलणं, माईक, साऱ्या कामांची यादी हजेरी क्रमांकाप्रमाणे लावा.
२. गणिताचा प्रश्न कुणाला विचारला आणि भाषण कुणाला दिलं, याची एक आठवडा नोंद ठेवून बघा.
३. किशोरावस्थेची माहिती दोघांनाही द्या. काही भाग वेगवेगळा, काही एकत्र.
४. मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी मांडा. समितीत किमान निम्म्या महिला असतात, त्यांना बोलतं करा.

पालकांसाठी :
१. घरातलं एक काम मुलाचं, एक मुलीचं ठरवा आणि दर महिन्याला अदलाबदल करा.
२. ताटं एकाच वेळी वाढा.
३. वयात येण्याबद्दल आईने मुलाशी आणि बाबांनी मुलीशीही बोलायला हरकत नाही. अवघड वाटेल, पण सुरुवात करा.
४. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय घेताना तिला समोर बसवा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, वरून आदेशही लागत नाही. येत्या सोमवारी वर्गातली कामाची यादी तेवढी बदलून बघा. पहिले दोन दिवस मुलं हसतील, एखादा पालकही विचारायला येईल. त्यांना शांतपणे कारण सांगा आणि यादी तशीच ठेवा.