बिनकागदाचा हिरा

खाप्याच्या मामींना हिऱ्याची अंगठी विकायची आहे. नातवाची कॉलेजची फी भरायची आहे, आणि सराफाकडे जाण्यापेक्षा ती घरातच राहिलेली बरी, म्हणून मला बोलावणे! कागदपत्र काही नाही. ‘वैरागडचा हिरा,’ असे मामा सांगत. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आहे खरा, पण अबुल फजलने या अंगठीची पावती दिलेली नाही.

सौ.ने अंगठी बोटात घातली, ती काढेचना. मी पडलो मास्तर. खड्यावर तोंडाची वाफ सोडली, क्षणात उडाली. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो. पण मॉयसनाइट नावाचा कृत्रिम खडाही या परीक्षेत पास होतो! अंगठी १९५८ची. दागिन्याजोगा हिरा प्रयोगशाळेत प्रथम झाला १९७० साली. शंका मिटली म्हणतो, तोच मामी म्हणाल्या, “मधी एकदा खडा निखळला होता, बसवून आणला.” झाले!

आता खडा उतरवून तपासणे आले. कोंदणात वजन नुसते अदमासे कळते, आणि कॅरट म्हणजे अवघे २०० मिलिग्रॅम. पण मामींना हे सांगायचे कसे?

“तपासून घे ना बापा,” त्याच म्हणाल्या. “पण काच निघाली, तर मले सांगू नको. सोन्याचे तेवढे पैसे दे.”

सौ.ने मुकाट्याने अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. निघताना मी नातवाची फी किती, ते विचारून घेतले.