शुद्ध हरपली, तेथे संमती कसली?

जून उजाडला की शिरपूर-साक्रीपासून चोपडा-यावलपर्यंतची मुलेमुली शिक्षणासाठी धुळे-जळगावची वाट धरतात. खोली भाड्याची, जेवण मेसचे आणि 'उशीर का झाला' असे विचारणारे कोणी नाही. मद्याचा पहिला पेला बहुधा मैत्रीच्या नावानेच पुढे येतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे त्या खोलीत कोणाच्या गावीही नसते.

मद्याने धीर येतो, हा भ्रम आहे. मद्य प्रथम शिथिल करते ती सारासार विचाराची शक्ती. वासना जागी राहते, परिणामांचे भान मावळते. समोरची व्यक्ती हसली तरी होकार, गप्प राहिली तरी होकार, असे वाटू लागते. घडले ते सकाळी आठवतही नाही. उरते ते भय, रोगाची वा गर्भधारणेची शंका आणि आयुष्यभराचा सल.

कायदा येथे निःसंदिग्ध आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीची संमती ही संमतीच नव्हे. स्वेच्छेने प्यायलेल्या तरुणाला 'मी शुद्धीत नव्हतो' ही ढालही मिळत नाही.

तरीही आपला पहिला प्रश्न मुलीलाच असतो: 'तू तेथे गेलीसच का?' या प्रश्नाची किंमत जळगावने मोजली आहे. १९९४ साली उघडकीस आलेल्या वासनाकांडात शाळा-महाविद्यालयांतील मुली बळी पडल्या. लोकलज्जेपोटी अनेकींना पुढे येता आले नाही आणि अनेक आरोपी सुटले. मातेला देवता मानणाऱ्या समाजाला हे शोभणारे नाही. संयमाचा संस्कार आधी मुलाला हवा.

याच खानदेशात, अमळनेरच्या छात्रालयात, साने गुरुजी मुलांसाठी स्वहस्ते 'छात्रालय दैनिक' लिहीत. ते केवळ नियम सांगत नव्हते; मुलांच्या जीवनात सहभागी होते. आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या घराने परगावच्या दोन विद्यार्थ्यांसाठी दार उघडले, आठवड्यातून एकदा त्यांना पानावर बसविले आणि हा विषय संकोच न करता बोलला, तर पेला पुढे आल्यावर 'नको' म्हणण्याचे बळ त्यांना लाभेल. उपदेशापेक्षा आपुलकीचा धाक मोठा असतो.