सात अंशांचे अर्थशास्त्र

कोकण किनाऱ्यावरील औष्णिक अथवा अणुविद्युत प्रकल्पाला मच्छीमारांनी विरोध केला, की एक ठरीव उत्तर तयार असते : प्रकल्पातून समुद्रात जाणारे पाणी केवळ काही अंशांनी गरम असते आणि समुद्र तर अफाट आहे. यातला ‘केवळ’ हा शब्द मोठा लबाड आहे. तो उष्णरक्ताच्या प्राण्याने, स्वतःच्या सोयीने वापरलेला शब्द आहे. बाहेर दहा अंश चढले-उतरले तरी माणसाचे रक्त सदतीस अंशांच्या आसपासच राहते. माशाचे तसे नाही. कुप्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर पाण्याचे तापमान तेच माशाच्या शरीराचे तापमान. कोळंबी, खेकडा, कालव यांचीही तीच गत.

पाणी दहा अंशांनी तापले, की अशा प्राण्याच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुपटीने ते तिपटीने वाढतो. म्हणजे त्याला प्राणवायू अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो : गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच, खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. मागणी वाढावी आणि पुरवठा आटावा, असा हा दुहेरी पेच आहे. त्यातून उष्ण कटिबंधातील अनेक जीव आधीच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या कडेजवळ जगत असतात. थंड प्रदेशातल्या जीवांना असलेली सवड त्यांना नसते. युरोपातील अनुभवाचे दाखले देऊन अरबी समुद्राला निर्धास्त करणारे तज्ज्ञ ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

नियम काय म्हणतो? जून १९९९ नंतरच्या किनारी औष्णिक केंद्रांनी समुद्राच्या पाण्याचे तापमान सभोवतालच्या तापमानापेक्षा ७ अंशांहून अधिक वाढवू नये. जैतापूरबाबत ही मर्यादा ५ अंश ठेवल्याचे अभिमानाने सांगितले गेले. दोन्ही आकडे सापेक्ष आहेत. माशाची मर्यादा मात्र निरपेक्ष आहे. हिंद महासागर १९५० पासून शतकाला सुमारे १.२ अंश या गतीने तापत आला आहे. सभोवतालचे पाणी जितके तापेल तितकी सोडलेल्या पाण्यालाही अधिक तापण्याची मुभा मिळत जाते, आणि कागदोपत्री नियम कुठेच मोडत नाही!

जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या योजिल्या आहेत. भट्टीतल्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोड्या अधिकाचीच वीज होते. म्हणजे ९,९०० मेगावॅट विजेसाठी सतरा हजार मेगावॅटहून अधिक उष्णता पाण्यात टाकावी लागणार. शिवाय नळ्यांत शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात क्लोरीन मिसळतात, आणि आत ओढल्या जाणाऱ्या अंड्यांना व पिल्लांना पळून जाण्याची सोयच नसते. याच फ्रान्समध्ये २००३ च्या उन्हाळ्यात नद्या तापल्या तेव्हा सरकारने अणुवीज केंद्रांसाठी तापमानाची मर्यादा शिथिल केली. २०२२ मध्ये पुन्हा केली. वीज आणि मासा यांत निवड करण्याची वेळ आली, की कोण हरतो ते तेथे दिसले.

बांगडा, तारली पोहून दूर जातील, असेही म्हटले जाते. जातील. पण मग त्यांच्यामागे जाण्याचे डिझेल कोणाला परवडते? यांत्रिक ट्रॉलरच्या मालकाला. खाडीच्या तोंडाशी होडी घालणाऱ्याला नाही, आणि ओहोटीला कालवे फोडणाऱ्या, तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना तर मुळीच नाही. कालव जागचे हलत नाही. त्यावर जगणारी बाईही हलू शकत नाही. विल्यम काप यांनी १९५० मध्ये खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला, त्यातला मुद्दा हाच : उत्पादकाच्या हिशेबवहीतून गळालेला खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बळाच्या पदरात पडतो. विजेच्या दरात शीतकरण मनोऱ्याचा खर्च धरला नाही म्हणून वीज स्वस्त दिसते.

येथे काही समाजवादी मित्र अडखळतात. अणुवीज महामंडळ तर सरकारी, मग विरोध कशाला? काप यांच्या ग्रंथाचे नाव खासगी उद्योगांचे असले तरी त्यांचा तर्क मालकीपाशी थांबत नाही. गरम पाण्याला मालकाचा सात-बारा कळत नाही. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे आंदोलकांवर गोळीबार होऊन एक जण मृत्युमुखी पडला, तोही सरकारी बंदुकीने.

तेव्हा पक्षाने भरपाईच्या रकमेवर घासाघीस करीत बसू नये. मर्यादा ‘इतके अंश अधिक’ अशी न ठेवता, सर्वांत उष्ण महिन्यातही ओलांडता येणार नाही अशा ठाम तापमानात ठरवा. किनाऱ्यावरील प्रत्येक केंद्राच्या निचऱ्याच्या तोंडाशी रोजचे तापमान मोजा. आणि ती नोंदवही मच्छीमार सहकारी संस्थांच्या ताब्यात द्या, ही मागणी आधी लावून धरावी. जैतापूरला एकही भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही, तोवर ती लावून धरणे सोपे आहे.