आधी यादी झाडा

दिवाळी सहलींचे मेल सुटले आणि आमच्याकडे पत्रांची रीघ लागली. तक्रार एकच: बिल वाढले, बुकिंग तेवढेच. तेव्हा मेल पाठवण्याच्या मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स या प्लॅटफॉर्मांत स्वस्त कोण ते एकदाचे छापा.

छापतो. पण दर बघण्याआधी मोजणी कशाची होते ते बघा. मेलचिंप कॉन्टॅक्टवर आकारते आणि अनसबस्क्राइब झालेली नावेही त्यात धरते; आर्काइव्ह केलेली सोडते. ब्रेव्होचा हिशेब पाठवलेल्या मेलवर. यादी लांबलचक पण मेल फक्त उन्हाळी-दिवाळी हंगामात, अशांना ब्रेव्हो परवडेल. चौकशीपासून व्हिसाच्या कागदांपर्यंत मेलची साखळी चालवणाऱ्यांनी गणित उलटे मांडावे. झोहोचे बिल रुपयांत येते. डॉलरच्या बिलात रिव्हर्स चार्जचा 18 टक्के जीएसटी दिसत नाही, भरावा मात्र लागतो; आणि 5 टक्के जीएसटीत बसणाऱ्या आपल्या सहल-आयोजकांना त्याचे क्रेडिट नाही.

खरे दुखणे मात्र वेगळेच आहे. एका सभासदांनी आपली यादी दाखवली. निम्मे पत्ते प्रदर्शनातल्या स्टॉलवर बरणीत पडलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे! मेल पाठवू का, असे त्या लोकांना कोणी कधी विचारलेच नव्हते. वर ऑटोमेशन असे, की पूर्ण पैसे भरलेल्या काकूंना ‘अजून विचार करताय?’ हा मेल जातोच आहे, कारण बुकिंगची नोंद प्लॅटफॉर्मपर्यंत पोचत नाही. ही जोडणी कोण नीट करून देतो, हे विक्रेत्याला विचारलेत? नाही. डिस्काउंट तेवढा विचारलात.

मग प्लॅटफॉर्म बदलायचा आणि जुनी यादी नव्या घरात जशीच्या तशी ओतायची, अनसबस्क्राइब झालेल्यांसकट. ती माणसे चिडून स्पॅमचे बटण दाबतात. गुगलने फेब्रुवारी 2024 पासून बजावले आहे: स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांखाली ठेवा. म्हणजे हजारात तीनही फार. दिवसाला जीमेलवर पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या डोमेनची ओळख पटवणाऱ्या नोंदी आणि एका क्लिकचे अनसबस्क्राइबही सक्तीचे. बदनामी तुमच्या डोमेनची होते. प्लॅटफॉर्म बदलून ती धुतली जात नाही.

‘आमची चाळीस हजारांची यादी’ ही बढाई आता पुरे. नूतनीकरणाचे पैसे भरण्याआधी वर्षभरात ज्यांनी एकही लिंक उघडली नाही त्यांना एकदा विचारा, उत्तर न देणाऱ्यांना आर्काइव्ह करा, नकार दिलेल्यांची यादी वेगळी जपून ठेवा. उरलेला आकडा घेऊन मगच दरांची तुलना करा, आणि तो आकडा आम्हाला कळवा.