प्रशिक्षण झालं, पण वाफा कुठे घालायचा?

कर्जत तालुक्यातलं मिरजगाव आता धड खेडं नाही, धड शहर नाही. अहिल्यानगर-सोलापूर महामार्गावरच्या अशा गावांत भूमिहीन दलित, भटके-विमुक्त कुटुंबं मजुरीवर जगतात आणि भाजी विकत घेतात. ‘त्यांना परसबाग शिकवा’ हा सल्ला सोपा आहे, पण तेवढ्याने भागेल का?

शिकवणारे आहेत का?
आहेत. जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गावोगावी ‘उमेद’चे बचतगट आहेत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी गावरान बियाण्यांच्या कामासाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मात्र त्यांच्या कुटुंबाकडे थोडी का होईना जमीन होती.

मग अडतं कुठे?
जमिनीवर. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी 1959 आणि 1964 मध्ये सत्याग्रह केले. त्यांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीनांना 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते. 2018 पासून अनुदान 100 टक्के आहे. पण सरकारी दरात महामार्गालगत जमीन कोण विकणार? शिवाय भटक्या-विमुक्तांना ही योजना लागूच नाही.

पाण्याचं काय?
हिशेब करून बघा. 1 गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. भाजीला रोज 4 मिलिमीटर पाणी धरलं, तर 400 लिटर लागतात. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या निकषाने पाच जणांच्या घरात 275 लिटर येतं. त्यातलं 200 लिटर सांडपाणी वाळू-खडीतून गाळून वापरलं, तर अर्धा गुंठा भिजतो. वांगी, दुधी, शेवग्याला ते चालेल. कच्च्या खायच्या पालेभाजीला नको. उन्हाळ्यात क्षेत्र आणखी कमी करावं लागेल.

करायचं काय?
आमच्या मते, आधी जागा आणि मग वर्ग. ग्रामपंचायतीने आपल्या ताब्यातली रिकामी जागा किंवा शाळेचं आवार नियमात बसवून किमान तीन वर्षांच्या लेखी कराराने गटांना द्यावं. प्रशिक्षण त्याच वाफ्यावर पूर्ण हंगामभर चालावं. शिकण्यासाठी मजुरी बुडत असेल, तर तिची भरपाई प्रशिक्षणाच्या खर्चात धरावी.

अर्ध्या गुंठ्यावर घर चालणार नाही, पण भाजीचा खर्च वाचेल आणि हात बसेल. पुढे मोठा तुकडा कसायला मागताना तोच अनुभव उपयोगी पडेल. जागा न देता नुसतं प्रमाणपत्र दिलं, तर ते पत्र्याच्या पेटीतच राहील.