लेकीचे तिसरे घर

लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पिऊ नये, असे मानणारी एक पिढी आपल्या गावागावांत होऊन गेली. नातवंड झाल्याशिवाय मुलीच्या घरी जेवायचे नाही, हा रिवाज हिंदू घरांत होता. धर्माने कुठे सांगितलेला नसतानाही तो आमच्या मुसलमान घरांत मुरलेला होता. माझे नाना माझ्या आईला भेटायला यायचे ते पिशवीत भाकरी बांधूनच. यामागे लेकीवर आपला भार नको ही माया होती. पण दिली त्या घरी मेली, आता तिथे आपले काय, हा समजही त्यात होता.

आता एक वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. मुलगी शिकते, पुण्या-मुंबईत नोकरीला लागते आणि लग्नाआधी काही वर्षे स्वतःच्या पगारावर भाड्याच्या घरात राहते. हे घर माहेर नाही आणि सासरही नाही. मराठीत त्याला शब्द नाही. आमच्या उर्दूतही मैका आणि ससुराल यांच्या मधला शब्द नाही. म्हणून आपण सोयीने म्हणतो, ‘पोरगी रूमवर राहते.’ घर म्हटले की चूल आली, शेजार आला, पाहुणा आला. रूम म्हटले की नुसत्या चार भिंती उरतात. मग आई-बाप तिथे जातात ते सामान पोहोचवायला, आजारपणात किंवा सगळे ठीक चालले आहे ना हे तपासायला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या तिसऱ्या घरी आई-बापांनी पाहुणे म्हणून जावे. शनिवार-रविवारची दोन दिवसांची सवड काढावी आणि जमले तर ती रमजानमध्ये काढावी.

रमजानमध्येच का, असे कोणी विचारेल. बाकीचे अकरा महिने घरापासून दूर असलेल्या माणसाचा दिवस कामात निघून जातो. रमजानमध्ये तसे होत नाही. पहाटे साडेचारला उठून एकट्याने सहेरी करायची असते. मिरजेत आमच्या मोहल्ल्यात सहेरीच्या वेळी घराघरांत दिवे लागतात, भांडी वाजतात, झोपलेल्याला कोणी ना कोणी हाक मारते. पुण्यात माझ्या मुलीला मोबाइलचा गजर उठवतो. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ होते, तेव्हा बहुधा ऑफिसात कसली तरी बैठक चालू असते. टेबलाच्या खणात ठेवलेले दोन खजूर आणि बाटलीतले पाणी, एवढाच तिचा इफ्तार. घर आठवावे असा काळ वर्षात हाच.

आम्ही दोघे नवरा-बायको शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मिरजेहून निघालो. सातारा मागे पडल्यावर कुठेतरी सूर्य मावळला आणि चालत्या एसटीतच आम्ही रोजा सोडला. खरे तर प्रवाशाला रोज्याची सूट आहे. कुरआनच्या सूरह बकरामध्ये सांगितले आहे, की आजारी आणि प्रवासी माणसाने सुटलेले रोजे नंतर कधीही पूर्ण करावेत. अंगात ताकद असेल तर प्रवासातही रोजा ठेवता येतो. दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. धर्माने अडचण ओळखून सोय ठेवली आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

प्रवाशाच्या नमाजचा नियम मला याहून बोलका वाटतो. आमच्या हनफी पंथात ठरावीक अंतरापलीकडे गेलेला माणूस जिथे पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असेल, तिथे तो मुसाफिर ठरतो. एकट्याने पढताना चार रकातींची फर्ज नमाज तो दोनच रकाती पढतो. रामवाडीजवळच्या त्या दोन खोल्यांत जानमाज अंथरून मी दोन रकाती पढले. माझी मुलगी तिथे कायम राहते, तिने शेजारीच चार पढल्या. या घरातली कोण आणि पाहुणी कोण, ते नमाजनेच सांगितले.

पाहुण्याचे नियमही आपल्याकडे सांगून ठेवलेले आहेत. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या, सलाम करा, असे सूरह नूरमध्ये आले आहे. पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे यजमान जे करील ते दान, आणि यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. शुक्रवारच्या रात्री येऊन रविवारी परतणारा पाहुणा या मर्यादेत चोख बसतो.

हदीसच्या ग्रंथांत आणखी एक वर्णन आहे. हजरत फातिमा (रजि.) भेटायला आल्या की प्रेषित (स.) उठून उभे राहत आणि त्यांना आपल्या जागी बसवत. प्रेषित लेकीच्या घरी गेले की फातिमाही उठून उभ्या राहत आणि वडिलांना आपल्या जागी बसवत. दोन्ही बाजूंनी सारखाच मान. आपल्याकडे प्रवचनांत पहिली अर्धी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. दुसऱ्या अर्ध्या गोष्टीत बाप लेकीच्या घरी जातो आणि ती बसवील तिथे बसतो. तीही तितकीच सांगायला हवी.

मुलीने आम्हाला बसवले ते घरातल्या एकुलत्या एका पलंगावर. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी खाली सतरंजीवर बसल्या. एक लातूरची, दुसरी अमरावतीची. या घरात सहेरीला मिक्सर लागत नाही, कारण दोघी झोपलेल्या असतात. चटणी रात्रीच वाटून ठेवायची हे कोणी न सांगता ठरले आहे. लातूरची मुलगी संकष्टी करते. त्या दिवशी एकीचा रोजा सूर्यास्ताला सुटतो आणि दुसरीचा उपवास चंद्रोदयाला. ही खजूर आणि पाण्यावर रोजा सोडते आणि जेवणासाठी तिची वाट बघत थांबते. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू रमजानभर पाण्याची मोटर रात्री झोपण्यापूर्वी चालवतात, म्हणजे पहाटे वर नळाला पाणी असते. यातले काहीही भाषण देण्याजोगे नाही. एका छपराखाली राहणारी माणसे एकमेकांची वेळ सांभाळतात, इतकेच.

हे छप्पर मात्र सहज मिळाले नव्हते. ही जागा सापडायला दोन महिने लागले. फोनवर भाडे ठरायचे, अनामत ठरायची आणि पूर्ण नाव सांगितले की जागा कालच गेलेली असायची. एका ठिकाणी तर स्पष्टच सांगितले, तुमच्या लोकांना देत नाही. मग मुसलमान वस्तीत विचारले. तिथे नावाची अडचण नव्हती, पण एकट्या पोरींना जागा द्यायची नव्हती. घरात कोणी पुरुष नाही, उद्या काही झाले तर आम्हाला बोल लागेल, असे उत्तर आले. एका दारावर धर्म आडवा आला, दुसऱ्यावर बाई असणे. दोन्ही दारे बंद करणारी माणसे स्वतःला सज्जनच समजत असणार. या पानाच्या वाचकांत सर्व धर्मांचे घरमालक आहेत, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याही मुली कुठल्या तरी शहरात कुणाच्या तरी दारावर पूर्ण नाव सांगत उभ्या असतील.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. रविवारी दुपारी आम्ही रामवाडीहून मेट्रोत बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरलो आणि चालत गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात गेलो. मुलींना शिकवायचे म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण आजारी पडून माहेरी आल्याने फातिमावर कामाचा ताण पडत असेल, अशी काळजी त्यात आहे. ज्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, ती जुनी इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली. स्मारक व्हायलाच हवे. पण त्या शाळेच्या वाटेने शिकून आलेल्या मुलीला आज त्याच शहरात नावावरून खोली नाकारली जात असेल, तर त्या स्मारकासमोर आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

फुले वाड्यापासून मोमीनपुरा जवळच आहे. रमजानमध्ये तिथे संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि गर्दीत सगळ्या धर्मांची माणसे असतात. मिरजेपेक्षा पुण्यात सूर्य दोन-तीन मिनिटे उशिरा मावळतो, म्हणून आमचे वडीलधारे पुन्हा पुन्हा मनगटाकडे बघत होते. इफ्तार झाल्यावर पैसे मुलीने दिले. त्यांचा हात खिशाकडे गेला होता. ती म्हणाली, “अब्बा, आज तुम्ही माझ्या शहरात आहात.”

लेकीचे पैसे घेणे आपल्याकडे आजही लाजिरवाणे मानतात. पण स्त्री जे कमावते त्यावर तिचा हक्क आहे, हे सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. हक्काबरोबर जबाबदारीही येते. वर्षभर शिल्लक राहिलेली बचत निसाबच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान मर्यादेच्या वर असेल, तर अडीच टक्के जकात तिची तिने द्यायची. ईदच्या नमाजआधी द्यायचा फित्रा लहान मुलांसाठी बाप देतो. ऐपत असलेल्या सज्ञान मुलीचा फित्रा मात्र हनफी मतानुसार तिच्या स्वतःवर असतो. जिला धर्म असा स्वतंत्र हिशेब मांडायला लावतो, तिने एका संध्याकाळचे बिल भरले तर बापाचा मान कमी होत नाही.

यावर नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो. हे सगळे ठीक आहे, पण लग्नाचे काय? लग्न होईल तेव्हा होईल, ती आणि आम्ही मिळून बघू. ते होईपर्यंतचे तिचे आयुष्य म्हणजे फलाटावरचा मुक्काम नव्हे. या वर्षांतही ती रोजे ठेवते, भाडे भरते, आजारी पडते, शेजार सांभाळते. लग्न होईपर्यंत आपण तिचे घर मोजायचेच नाही म्हटले, तर तिच्या उमेदीची चार-पाच वर्षे आपल्या हिशेबातून निसटतील.

दुसरा प्रश्न भीतीचा आहे आणि तो खरा आहे. रात्री दहाला मुलीचा फोन लागला नाही तर मिरजेतल्या अम्मीचे आणि लातूरच्या आईचे काळीज सारखेच धडधडते. पण ही भीती लांबून चौकशा करून कमी होत नाही. मेट्रो स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता एकदा स्वतः चालून पाहिला, खालच्या काकूंबरोबर चहा-सरबत झाले, मैत्रिणींची नावे आणि गावे कळली, की ती बरीच कमी होते. तपासायला आलेल्या आई-बापांना मुली आवरलेले घर दाखवतात. पाहुण्यांपाशी त्या मन मोकळे करतात. खोलीसाठी घालवलेल्या त्या दोन महिन्यांची पूर्ण हकिगत मला फोनवर कधी कळली नव्हती. ती शनिवारी सहेरीनंतर, फज्रच्या नमाजची वाट बघत बसलो असताना कळली.

म्हणून ज्यांच्या मुली शहरात एकट्या राहतात, त्या सर्व धर्मांच्या आई-बापांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जाण्याआधी तिला विचारा, तिची सोय बघून दिवस ठरवा. येताना शेंगदाण्याची चटणी, लोणचे जरूर आणा, पण तिचा ओटा आपल्या पद्धतीने लावू नका. त्या दोन दिवसांत कुणाच्या स्थळाची गोष्ट काढू नका. आणि तिने केलेले जेवा. मीठ कमी असले तरी जेवा.

रमजान संपत आला की मुली ईदसाठी गावाकडे निघतील. एसटी आणि रेल्वे भरून जातील. घरोघरी शिरखुर्म्याची तयारी होईल आणि त्या आल्या की आपण म्हणू, चला, पोरगी घरी आली. जरूर म्हणावे, हेही तिचेच घर आहे. दोन दिवसांनी ती बॅग भरेल आणि म्हणेल, ‘मी घरी जाते.’ तेव्हा कुणी दचकू नये. पोहोचलीस की फोन कर, एवढे सांगावे आणि पुढच्या खेपेला आम्ही कधी यायचे, ते तिलाच विचारावे.